ताफ्याचा आकार आणि पावसाळ्यातील पाली

स्वयंसेवी हवाई संस्थेकडे किती विमाने असावीत, हा निर्णय बहुधा देणगीदाराच्या उत्साहावर किंवा मोठ्या आपत्तीच्या आठवणीवर सोडला जातो, आणि रायगड जिल्ह्यात ही दोन्ही मापे फसवी ठरतात. तेथील पाली गावाकडे पाहिले, तर अंबा नदीला पूर आला की वाकण-पाली-खोपोली मार्गावरची वाहतूक अडते, म्हणजे आकाशमार्गाची निकड ऐन पावसाळ्यातच भासते. परंतु ढग गावालगतच्या सरसगड किल्ल्याच्या माथ्याखाली उतरलेले असताना जमीन डोळ्यांनी पाहत चालवायची लहान विमाने कितीही असली तरी जमिनीवरच राहतात. शेजारच्या खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हाही खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरे उडू शकली नाहीत आणि बचाव पथकांना निसरडी चढण पायीच चढावी लागली.

त्यामुळे ताफ्याचा हिशेब पाऊस उघडल्यानंतरच्या कामांवर, म्हणजे पूरक्षेत्राची पाहणी आणि संपर्क तुटलेल्या वाड्यांचा शोध यांवर, बसवणे योग्य. येथे 'सज्जता' ही कल्पना, म्हणजे विमान उड्डाणयोग्य असण्याच्या दिवसांचे प्रमाण, निर्णायक ठरते. प्रत्येक विमान 80 टक्के दिवस सज्ज असते असे धरले, तर दोनपैकी किमान एक मिळण्याची शक्यता 96 टक्के आणि तीनपैकी एक मिळण्याची 99.2 टक्के येते. मात्र हे गणित विमानांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात या गृहीतावर उभे आहे, आणि तिन्ही विमानांची देखभाल एकाच अभियंत्याकडे असेल तर ते कोलमडते.

तिसऱ्या विमानाची किंमत केवळ हँगरभाडे आणि विमा एवढीच नसते. वर्षाला 300 तासांचे उड्डाण दोन विमानांत वाटले तर प्रत्येकी 150 तास येतात, तिघांत 100. उभ्या इंजिनातील तेलाचा थर निथळतो, खाऱ्या दमट हवेत कॅमशाफ्टला गंज धरतो, आणि क्वचित उडणारे विमान गरजेच्या सकाळीच दगा देते. वैमानिकांचा हात बसलेला राहण्यासाठी लागणारा पैसाही याच तिजोरीतून जातो.

अमेरिकेतील सिव्हिल एअर पेट्रोल ही 1941 मध्ये स्थापन झालेली स्वयंसेवी संघटना पाचशेहून अधिक एकइंजिनी विमाने बाळगते, पण ती खंडभर विखुरलेली आहेत. एका तालुक्याच्या गरजेला तो आकडा लागू करणे चूक आहे. पालीत धावपट्टी नाही, विमान दुसरीकडेच ठेवावे लागणार. अशा वेळी दोन विमाने आणि दुसरा देखभाल अभियंता ही मागणी तीन विमानांपेक्षा अधिक रास्त आहे.