जाईबाई चौधरी आणि आपल्या टोळ्यांतली मुले



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असेच विषय घेऊन येतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. पण तो आपल्या फडापासून लांबचा नाही, हे शेवटपर्यंत वाचले म्हणजे ध्यानात येईल.

उमरेड हे आपल्या जिल्ह्यातले गाव. तेव्हा अस्पृश्य गणल्या गेलेल्या एका कुटुंबात १८९२ साली तेथे जाईबाईंचा जन्म झाला. १८९६ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावले आणि पोटापाण्यासाठी कुटुंब नागपुरास आले. १९०१ साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे बापूजी चौधरी यांच्याशी लग्न झाले. घरात चार पैसे यावेत म्हणून त्या नागपूर आणि कामठीच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहू लागल्या. स्टेशनवरची हमालीच ती. हे काम करीत असतानाच ग्रेगरी नावाच्या एका ख्रिस्ती सिस्टरची नजर त्यांच्यावर गेली. तिने त्यांना लिहावाचायला शिकवले आणि महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली.

पुढे काय झाले असेल ते जुन्या मंडळींना सांगायला नको. शिकवणारी बाई कोणत्या समाजातली आहे हे कळताच लोकांनी गिल्ला केला आणि नोकरी गेली. दुसरे कोणी असते तर पुन्हा ओझी उचलायला गेले असते. जाईबाईंनी मात्र १९२२ साली नागपुरात नवी वसाहत भागात मुलींसाठी स्वतःच शाळा काढली व तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. २०२२ साली त्या गोष्टीला शंभर वर्षे झाली.

या बाईंची आठवण आम्हांस आता का झाली, ते सांगतो.

मागच्या हंगामात एका संध्याकाळी आम्ही वजनकाट्यावर उभे होतो. ट्रॅक्टरचे वजन झाले आणि पावती मुकादमाच्या हाती आली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली व मागे वळून हाक मारली, “वाच गं पोरी, किती पडलं?” दहाएक वर्षांची मुलगी पुढे आली. कडेवर धाकटा भाऊ, पायात काही नाही. तिने पावतीवरचा आकडा न अडखळता वाचला. आम्ही विचारले, “कितवीत आहेस?” म्हणाली, “तिसरीत होते. दिवाळीनंतर इकडं आलो.” एवढे बोलून ती खोपीकडे निघून गेली.

लाज वाटते ती याची, की आम्ही तिचे नावसुद्धा विचारले नाही. आमच्या शेतकी कार्यालयात उसाची जात, लागणीची तारीख, क्षेत्र, तोडीचा क्रम सगळे नोंदलेले असते. टोळीत कोयते किती, गाड्या किती, उचल किती, हेही असते. पण टोळीबरोबर मुले किती आली आणि ती कितवीत शिकत होती, हा रकाना आमच्या वहीत नाही. जे वहीत नाही, ते आमच्या डोळ्यांनाही दिसत नाही, असे झाले आहे.

काही मंडळी म्हणतील, कारखान्याचे काम गाळपाचे, शाळा हे सरकारचे काम. बरोबर आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. पण शाळेला मुलाचा पत्ताच नसेल तर कायदा खोपीपर्यंत चालत येईल काय? पत्ता आपल्याजवळ आहे. टोळी आपणच आणतो.

म्हणून आमचे तीन विचार आहेत. पहिला, टोळीचा करार करतानाच मुलांची नावे, वये व इयत्ता लिहून घ्याव्यात. दुसरा, ज्या मुलाला गावीच आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल, त्याला तेथेच राहू द्यावे, असे मुकादमाने आईबापांना समजावून सांगावे. जी मुले येतीलच, त्यांची यादी हंगाम सुरू होताच जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पोचवावी.

तिसरा विचार आपल्या निवृत्त गुरुजी आणि बाईंसाठी आहे. आपल्या सभासदांत अशी मंडळी कमी नाहीत. यांनी तालुक्याच्या गावी पस्तीस-पस्तीस वर्षे खडू झिजवला, घरची शेती सांभाळली, भावंडांची लग्ने केली. दोनचार पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. निवृत्तीनंतर सत्काराची शाल मिळते आणि मग कोणी फिरकत नाही. अशा गुरुजींनी संध्याकाळी दोन तास खोप्यांवर यावे. कारखान्याने पाटी-पुस्तके, दिवा आणि बसायची जागा द्यावी. खर्च फार नाही.

जाईबाईंना ओझ्याखाली एका बाईने पाहिले, म्हणून पुढे कितीतरी मुली शिकल्या. आपल्या काट्यावरची ती मुलगी आम्ही पाहिली, आणि जाऊ दिली. येत्या हंगामात असे होऊ नये.

ज्यांना यायचे आहे, त्यांनी आपली नावे गट कार्यालयात द्यावीत. वहीत तो नवा रकाना आम्ही आखून ठेवला आहे.

– ऊस विकास अधिकारी