ओवी कुणाची, नाव कुणाचं?

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंडीत तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायांच्या तोंडी जनाबाईचे अभंग असतातच. भगिनींनो, ही जनाबाई कोण? नामदेवांच्या घरची दासी. दळण-कांडण, शेणगोठा करता करता तिनं अभंग रचले आणि स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवलं. त्यात भक्ती आहेच; पण कष्टकरी बाईचं नाव धन्याच्या नावासंगं यायचं, हेही त्यात दिसतं. तिचे अभंग खुद्द पांडुरंगानं लिहून घेतले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. जिच्या हाती लेखणी नाही तिला लिहून घेणारा लागतो, हे आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

बहिणाबाई चौधरींचं तसंच झालं. १८८० साली आसोद्याला जन्म, जळगावला सासर, ऐन तारुण्यात वैधव्य. अक्षराची ओळख नाही. शेतात राबताना, जात्यावर बसताना गाणी सुचत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी जमेल तेवढी गाणी उतरून घेतली. आचार्य अत्र्यांसारखा मातब्बर माणूस पाठीशी उभा राहिला, तेव्हा १९५२ साली पुस्तक निघालं. पण बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरातच गेल्या होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे; कौतुक ऐकायला मात्र त्या नव्हत्या. जी गाणी उतरली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

म्हणून आश्रय देणाऱ्याचे उपकार मानावेत. पण मालकी त्याची नव्हे. सोपानदेवांची खरी थोरवी अशी, की त्यांनी आईची बोली पुस्तकी केली नाही आणि गाणी आईच्याच नावावर ठेवली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्याही गाणारीचं नाव आणि गाव लिहून.

त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात भात-नागली पिकते. आता दळण गिरणीत जातं, जातं कोपऱ्यात पडलंय. पण आवणीची, लग्नाची, जात्यावरची गाणी जुन्या बायांच्या ओठी अजून आहेत. शाळेत जाणाऱ्या लेकीला, नातीला वही घेऊन आजीजवळ बसवा. आजी म्हणेल तसंच लिहायचं, शब्द ‘शुद्ध’ करायचा नाही. वर तिचं नाव, गाव आणि तारीख घालायची. कुणी पाहुणा गाणी टिपायला आला, तर ती कुठं छापणार, नाव कुणाचं घालणार, हे आजीच्या देखत विचारा. व्यासपीठावर गायला बोलावलं, तर नारळ-साडीवर बोळवण नको. इतर कलावंतांइतकंच मानधन मागा. त्यात लाजायचं काय? शेतातल्या मजुरीला दाम असतो, मग गळ्यातल्या मेहनतीला का नसावा?

आजीचं गाणं जगात जाऊ द्या. फक्त तिचं नाव मागं राहू देऊ नका.