गर्भवतीला मेलाटोनिन? आधी चाचणी, मग चिठ्ठी

गर्भाशयात दाह सुरू झाला की त्याची झळ बाळाच्या मेंदूला लागते. गर्भावरणाचा संसर्ग आणि पुढे दिसणारी सेरेब्रल पाल्सी यांचा संबंध डॉक्टरांना ठाऊक आहे, पण ही हानी रोखणारे उपाय फार थोडे आहेत. म्हणूनच मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाबद्दलची आशा मला रास्त वाटते. हे संप्रेरक वारेतून सहज बाळापर्यंत पोहोचते, दाहातून निर्माण होणारे घातक रेणू निकामी करते, आणि उंदीर-मेंढ्यांवरील प्रयोगांत त्याने पिल्लांच्या मेंदूची हानी कमी केली आहे. माणसांतला पुरावा मात्र तुटपुंजा आहे. ऑस्ट्रेलियात लवकर उद्भवलेल्या प्रीएक्लॅम्प्सियाच्या (गर्भारपणातल्या धोकादायक उच्च रक्तदाबाच्या) २० गर्भवतींना दिवसातून तीनदा १० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले, तेव्हा प्रसूती काही दिवस पुढे ढकलता आली. पण ती तुलना जुन्या रुग्णांच्या नोंदींशी होती. एवढ्यावर घरोघरी गोळी सुरू करता येणार नाही.

शरीरच जे तयार करते त्याचा कसला धोका, असे विचारले जाते. पण शरीर ते अत्यल्प प्रमाणात आणि मुख्यतः रात्री तयार करते. गर्भाकडे स्वतःचे मेलाटोनिन जवळपास नसते. दिवस कोणता, रात्र कोणती, हे त्याला आईच्या रक्तातूनच कळते. तिथे भरदिवसा अनेक पटींचा डोस पोहोचला तर काय होईल, हे तपासल्याशिवाय कसे सांगणार? शिवाय दुकानातल्या मालाचा भरवसा नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ मेलाटोनिन गमीज तपासल्या, तर २२ वरील लेबल चुकीचे निघाले. एकीत मेलाटोनिनच नव्हते.

अधिक गंभीर आक्षेप असा, की पुराव्याची वाट पाहण्यात आजची बाळे गमावली जातील. ही घालमेल खरी आहे. पण गर्भ टिकावा म्हणून गर्भवतींना दिलेले डीईएस हे कृत्रिम संप्रेरक आठवावे. ते निरुपयोगी असल्याचे शिकागोच्या चाचणीने १९५३ मध्येच दाखवले होते, तरी ते दिले जात राहिले. १९७१ मध्ये त्याचा संबंध मुलींच्या योनिमार्गाच्या कर्करोगाशी जोडला गेला. म्हणून ज्यांच्या बाळांना खरोखर धोका आहे अशा गर्भवतींना वगळणाऱ्या नव्हे, तर त्यांना सामावून घेणाऱ्या चाचण्या हव्यात, आणि जन्मलेल्या मुलांची काही वर्षे तपासणीही. तोवर झोपेसाठी ही गोळी घेणाऱ्या गर्भवतीने पुढच्याच तपासणीत ते डॉक्टरांना सांगावे, आणि डॉक्टरांनीही न रागावता ते विचारावे.