खिडकीखालची भिंत आणि फेसवाले

परवा शेजारीण आनंदाने सांगत आली, "गुरुवारी माणूस येतोय. बे विंडोखालच्या भिंतीत फेस भरणार. एका दिवसात काम!" मी तिला हाताला धरून गॅरेजमध्ये नेलं आणि एक लाकडाचा तुकडा दाखवला. तो तुकडा मी दोन वर्षं जपून ठेवलाय. नवरा त्याला अवशेष म्हणतो. म्हणू दे.

तर मंडळी, आज जरा चिडूनच लिहितेय.

आधी ज्यांनी आमचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी (पुण्याच्या मावशी, तुमच्यासाठी मुद्दाम). लंडनच्या वायव्येला हॅरोच्या आसपास दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली जोडघरं रांगेने उभी आहेत. त्या वीस वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरं बांधली गेली, त्यातलंच एक आमचं. यातल्या कितीतरी घरांना पुढे पोट आलेलं असतं. म्हणजे खालची आणि वरची अशा दोन बे विंडो, एकीवर एक. बाकी घर विटांचं, पण या दोन खिडक्यांच्या मधली भिंत लाकडी. चार इंच बाय दोन इंचाचे उभे वासे, आतून लाकडी पट्ट्यांवर थापलेला गिलावा, बाहेरून आडव्या रिपांवर टांगलेली चपटी कौलं. आणि मध्ये? काहीही नाही. पोकळी. आमच्याकडे तर कौलांमागे डांबरी कागदसुद्धा नव्हता.

आई हिवाळ्यात येते तेव्हा वरच्या खिडकीतच खुर्ची टाकून बसते. रस्ता दिसतो, शाळेतून येणारी पोरं दिसतात, पोस्टमन दिसतो. २०१९ साली ती साताऱ्याहून आली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, पाय गारठतात. काच बंद आहे, मग वारा येतो कुठून?" ती बरोबर जागेवर बोट ठेवत होती, पण मला ते कळायला पाच वर्षं आणि बरेच पौंड लागले.

२०२१ च्या शरद ऋतूत आम्हीही फेसवाला बोलावला. गोड माणूस. आतून भोकं पाडली, नळी घातली, फेस फुगला, संध्याकाळी चहा पिऊन गेला. पंचवीस वर्षांची गॅरंटी कागदावर. कसली गॅरंटी ते वाचायला हवं होतं. फेस टिकण्याची होती, लाकूड टिकण्याची नव्हे.

तिसऱ्या हिवाळ्यात त्या कोपऱ्यातून बंद पेटीसारखा कुबट वास यायला लागला. मग खालच्या पट्टीवर काळे ठिपके. २०२४ च्या वसंतात एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्याने गिलावा काढला आणि तळाच्या आडव्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टेकवला. टेकवला फक्त. तो शिऱ्यात चमचा जावा तसा आत गेला. ओल मोजायच्या यंत्रावर २८ टक्के. साधारण २० च्या वर ओल राहिली की लाकूड कुजायला लागतं.

त्याने जे समजावलं ते इतकं सोपं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. टांगलेली कौलं काही पाणीबंद नसतात. तिरका पाऊस थोडा आत येणारच. नव्वद वर्षं ते पाणी मागच्या पोकळीतल्या वाऱ्याने सुकत होतं. आमच्या फेसाने ती पोकळी बुजवली आणि ओल्या रिपा, ओले वासे जणू ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. दुसरीकडून घरातली हवा. वीस अंशांची, साठ टक्के आर्द्रतेची हवा बारा अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिचं पाणी होतं. स्वयंपाक, आंघोळी, वाळत घातलेले कपडे, सगळ्याची वाफ फेस आणि लाकडामधल्या फटींतून आत जाऊन थंड लाकडावर बसत होती. भिंत दोन्ही बाजूंनी पाणी पीत होती आणि सुकायला वाट नव्हती.

आजोळी कोकणात पावसाआधी मातीच्या भिंतींबाहेर झापं बांधायचे. पावसाची झड झापांवर, भिंत मागे कोरडी. झापं भिंतीला चिकटवून मधली जागा चिखलाने लिंपा असं कोणी म्हटलं असतं तर आजोबांनी त्याला पाटाचं पाणी प्यायला पाठवलं असतं! टांगलेल्या कौलांचं तत्त्व तेच आहे, आणि ते मला माहीत होतं. हॅरोला येऊन विसरले, एवढंच.

आता माझा खरा राग. इथे इन्सुलेशन विकणारे जाडी विकतात. किती मिलिमीटर, किती टक्के बचत. पण आमच्या त्या भिंतीचं क्षेत्रफळ जेमतेम अडीच चौरस मीटर. आत वीस अंश आणि बाहेर दोन अंश असताना तिच्यातून आरपार जाणारी उष्णता जुन्या बल्बइतकी, नव्वद-शंभर वॅट. आईचे पाय त्याने गारठत नव्हते. वारा कौलांमागून शिरून तुळयांच्या टोकांशी असलेल्या फटींतून थेट वरच्या खोलीच्या जमिनीखाली खेळत होता. फेसवाल्याने त्या जागेकडे पाहिलंही नाही. ती त्याच्या कोटेशनमध्ये नव्हती ना!

"तू एका माणसावरून सगळ्यांना झोडपतेस," असं मामेभाऊ म्हणालाच. बरं, मग सरकारी आकडा घे. नॅशनल ऑडिट ऑफिसने (इथलं कॅग म्हण) ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी योजनांतल्या कामांचा हिशेब मांडला. बाहेरून इन्सुलेशन केलेल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष. आतून केलेल्या २९ टक्के घरांत. आमची भिंत त्या योजनेत नव्हती, आम्ही पदरचे पैसे घालवले. पण रोग तोच. किती घरं झाली ते मोजायचं, पाणी कुठून जाईल ते विचारायचं नाही.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला तितकेच खटकतात. "जुनं घर आहे, हात लावू नका, स्वेटर घाला." अहो, त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला सांगा ना हे! आणि आमच्या मराठी मित्रमंडळातले तिसरे, "विकून टाक, नवं घर घे." त्यांच्याशी मी वाद घालत नाही. जेवायला वाढते.

सुताराने काम बाहेरून केलं. परांची बांधली, एकेक कौल उतरवून हिरवळीवर रचलं. कुजलेलं लाकूड कापून नवं जोडलं. (खिडकीच्या चौकटीच्या उभ्या खांबांवर वरच्या भागाचं वजन असतं, म्हणून आधी टेकू दिले. हे न करता प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्याने खचलेल्या बे आमच्याच रस्त्यावर दोन आहेत.) वाशांमध्ये खनिज लोकर घट्ट बसवली, पण कोंबली नाही. बाहेरून पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पडदा, त्यावर उभ्या रिपा लावून इंचभर पोकळी, मग आडव्या रिपा आणि पुन्हा तीच कौलं. आतून वाफ अडवणारा पडदा, कडा टेपने बंद. आणि तुळयांच्या टोकांशी, जिथे आईने बोट ठेवलं होतं, तिथे एकेक फट बुजवण्यात त्याचा अख्खा एक दिवस गेला. एकूण चार दिवस. फेसाच्या अडीचपट खर्च, परांचीचं भाडं वेगळं. गॅसच्या बिलात फरक पडला म्हणावा तर चहापुरता.

पुढच्या वसंतात यंत्रावर १५ टक्के आले. त्या हिवाळ्यात आई खिडकीत बसली आणि वाऱ्याबद्दल काही बोलली नाही. पडद्याच्या रंगाबद्दल बोलली.

शेजारणीची बे आमच्या बेची आरशातली प्रतिमा आहे. तोच बिल्डर, तीच कौलं, बहुधा मागे तीच पोकळी. तिने लाकडाचा तुकडा हातात घेऊन बोटाने चुरला आणि म्हणाली, "पण त्याने पंचवीस वर्षांची गॅरंटी दिलीय." मी माझी गॅरंटी आणून तिच्या हातात ठेवली. गुरुवारी सकाळी आठला तो माणूस येणार आहे. तिने मला साडेसातला चहाला बोलावलंय. तुकडा घेऊन ये, म्हणाली.