जंतूंच्या दप्तरांतील जुनी नोंद

गायीच्या कासेस दगडीचा रोग जडला, कीं दुकानांतून प्रतिजैविकाच्या कुप्या आणाव्या व कास मऊ पडतांच औषध थांबवावें, अशी रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. आमच्या तामलवाडीस मीहि एकदां तसेंच केलें. पंधरवड्यांत रोग उलटला आणि एक सड कायमचा गेला. दोष सर्वस्वीं माझा होता.

जंतु औषधास कां जुमानीत नाहींत, ह्याचें एक कारण नवलाचें आहे. जीवाणूंवरहि जगणारे विषाणु असतात. १८९६ सालीं हॅन्किन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें गंगा-यमुनेच्या पाण्यांत पटकीच्या जंतूंस मारणारें कांहीं तरी आहे, असें नोंदविलें. १९१७ सालीं देरेल ह्यानें अशा विषाणूंस जीवाणुभक्षक ह्या अर्थाचें नांव दिलें. परंतु प्रत्येक भक्षक यजमानास मारतोच असें नाहीं. कांहीं आपलीं जनुकें त्याच्या जनुकांत मिसळून स्वस्थ बसतात. आमच्या महसुली भाषेंत, उपऱ्यानें सातबाऱ्यावर नांव चढवून घ्यावें, तसेंच हें! पुढें उपरा परागंदा झाला, तरी नोंद पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहते. विषाणु एका जीवाणूचीं जनुकें दुसऱ्यांत नेतात, हें १९५२ सालीं झिंडर व लेडरबर्ग ह्यांनीं दाखविलें. २०१० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं, दगडीसहि कारण होणाऱ्या ई. कोलाय जातीच्या एका वाणांतून अशा नऊ नोंदी खोडून पाहिल्या. तेव्हां तो क्विनोलोन व पेनिसिलीन वर्गांतील कांहीं औषधांपुढें दुबळा ठरला. म्हणजे निकामी दिसणारा दस्तऐवज मालकाचें रक्षण करीत होता.

कोणी म्हणेल, नोंद जंतूंच्या घरची. आपण काय करणार? नोंद खोडणें आपल्या हातीं नाहीं, औषधाचा वापर आहे. अकारण वा अर्धवट औषधानें दुबळे जंतु मरतात, चिवट उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. म्हणूनच माणसाच्या अखेरच्या उपायांपैकीं असलेलें कोलिस्टिन अन्नोपयोगी जनावरांसाठीं व कोंबड्यांसाठीं विकण्यास सरकारनें जुलै २०१९ मध्यें बंदी केली.

माझें स्पष्ट मत असें कीं, पशुवैद्याच्या लेखी सल्ल्यावांचून प्रतिजैविक टोचूं नये. ठरविलेली मात्रा पुरी करावी. आणि तो सांगेल तितके दिवस त्या गायीचें दूध डेअरीस घालूं नये. चार दिवसांच्या दुधाचा तोटा होईल खरा. पण उद्यां आपल्याच नातवाच्या तापावर औषध चालेनासें झालें, तर त्याची भरपाई कोणत्या कचेरींत मागावी?