देहेडच्या भूमिपुत्रानं विंचवाच्या विषावर इलाज शोधला. जालन्यातून पुढचा संशोधक कधी?

जालना : बारावीचा निकाल लागला की गावागावांत एकच प्रश्न, "पोरगं पुढं काय करणार?" सायन्सला मार्क चांगले असतील तर उत्तर ठरलेलं, नीट. नंबर लागला तर डॉक्टर. नाही लागला तर रिपीट. तरीही नाही लागला तर घरात सुतकी चेहरे. या हिशेबात वैद्यकीय संशोधनाचा रस्ता कुणी धरतच नाही. खरं तर आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस या रस्त्यानं चालून जगभर पोहोचलाय.

बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातली गोष्ट

भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावात १९५१ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. घरची गरिबी, पडेल ते काम करत शिक्षण. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून ते एमबीबीएस झाले आणि १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

कोकणात लाल विंचवाच्या दंशानं तेव्हा धडधाकट माणसं आणि लहान लेकरं दगावायची. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस जात. बावस्करांकडं मोठी लॅब नव्हती. ते रुग्णाजवळ बसून राहिले. घाम कधी सुटतो, हातपाय गार कधी पडतात, बीपी कधी चढतं, दम कधी लागतो, हे सगळं टिपत गेले. या नोंदींतून चित्र स्पष्ट झालं. विषामुळं आधी बीपी एकदम वाढतं, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. १९८२ मध्ये ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

पुढं त्यांनी बीपीसाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी या रुग्णांवर वापरली. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. (गोळी मनानं घ्यायची नाही. विंचू चावला तर थेट सरकारी दवाखाना गाठा.)

यातून समजून घ्यायचं ते एवढंच, की संशोधन म्हणजे फक्त पांढरा कोट आणि परदेशी मशीन नव्हे. ज्याच्या गावात दुखणं आहे त्यालाच प्रश्न आधी पडतो. तो प्रश्न धरून ठेवला आणि नीट नोंदी ठेवल्या, तर आरोग्य केंद्रातूनही जगाला उत्तर देता येतं.

आशाताई घरी येते, त्यामागंही संशोधन

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत तिथल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. पुढं २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांनी घरी जाऊन बाळ तपासायची योजना आली. बाळंतपणानंतर आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते, त्याची पाळंमुळं तिथं आहेत.

आपल्या प्रश्नांवर काम कोण करणार?

फवारणी करताना होणारी विषबाधा. मंठा, परतूर, घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं आजारपण. एमआयडीसीत भट्टीसमोर उभं राहणाऱ्या कामगारांची फुप्फुसं. मे महिन्यात रानात काम करताना लागणारं ऊन. हे प्रश्न मुंबई-दिल्लीत बसलेल्याला रोज दिसत नाहीत. ज्याची आई कोयता घेऊन जाते त्या पोरीला दिसतात. तीच या क्षेत्रात गेली नाही, तर हे प्रश्न कागदावर यायलाच कितीतरी वर्षं जातील.

नीटशिवाय दारं आहेत

जालन्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, १०० जागा आल्या. आनंद आहेच. पण कॉलेज जिल्ह्यात आलं म्हणून जागा आपल्या पोराला मिळते असं नाही. १५ टक्के जागा देशपातळीवर जातात, बाकीच्यांसाठी राज्यभरातली पोरं रांगेत असतात. म्हणून बाकीची दारंही माहिती हवीत.

पुण्याच्या आयसर संस्थेत बारावी सायन्सनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स आहे. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी, आयएटी. तिथं नीटचा स्कोअर लागत नाही. दुसरा रस्ता साध्या बी.एस्सी.चा. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या, मग एम.एस्सी. करा आणि जेआरएफची परीक्षा द्या. त्यात निवड झाली तर पीएच.डी. करताना २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये फेलोशिप मिळते. म्हणजे शिकतानाच घराला हातभार. २०२० मध्ये भारतात पहिल्यांदा कोरोनाचा विषाणू वेगळा काढला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं. अशा संस्थांत काम करणारे सगळेच एमबीबीएस नसतात.

एमबीबीएसला गेलेल्यांसाठीही आयसीएमआरची विद्यार्थी संशोधन योजना आहे. आणि शाळेतल्या लेकरांसाठी इन्स्पायर-मानक योजना. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेनं ऑनलाइन पाठवायच्या, निवड झाली तर १० हजार रुपये मिळतात. तुमच्या शाळेनं यंदा किती नावं पाठवली, हे पालकांनी मुख्याध्यापकांना एकदा विचारावं.

काय करता येईल?

अकरावीत बायोलॉजी घेतलं म्हणून गणित सोडू नका. आकडे समजल्याशिवाय संशोधन होत नाही. इंग्रजीची भीती असतेच, पण ती सरावानं जाते.

वैद्यकीय महाविद्यालयानं वर्षातून एकदा तरी आठही तालुक्यांतल्या झेडपी शाळांच्या पोरांना आत बोलवावं, लॅब दाखवावी. यासाठी कोटींचा निधी लागत नाही, दोन-चार एसटी गाड्या पुरतात. ज्या पोरानं मायक्रोस्कोप फक्त पुस्तकात पाहिलाय, त्यानं तो एकदा डोळ्याला लावला की त्याच्या डोक्यातला "पुढं काय" बदलू शकतो.

आणि घरी पोरगी विचारत असेल, "आई, फवारणी केली की अप्पांना चक्कर का येते?" तर तिला गप्प बसवू नका. तिच्या हातात एक वही द्या. तारीख, औषधाचं नाव, किती वेळानं चक्कर आली, हे तिला लिहू द्या. बिरवाडीतही सुरुवात नोंदींपासूनच झाली होती.