आरोग्यवार्ता : आई-बाबा आणि जर्मन इस्पितळ



भारतातून आलेल्या आई-बाबांना इथे ॲडमिट करायची वेळ आली आणि ते अलीकडे तिकडच्या इस्पितळात राहिले असतील, तर ते आधीच सांगा, लपवू नका. रॉबर्ट कॉख संस्थेच्या आयोगाची २०१२ची शिफारस आहे की अशा पेशंटचा स्वॅब घ्यावा आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवावे. हा भेदभाव नव्हे. चार मुख्य अँटिबायोटिक गटांना दाद न देणारे जंतू आतड्यात गुपचूप असतात. वाहणाऱ्याला त्रास नाही, पण शेजारच्या अशक्त पेशंटच्या जिवावर बेतू शकते. स्वॅब गुदद्वारातून घेतात, तेव्हा आईंना मराठीतून आधी समजावा. डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. खोलीतून निघताना हातांना जंतुनाशक ३० सेकंद चोळा.

काळजी घ्या!